आखाजीला पाया खोदताय, तर आधी हे ठरवा

अमळनेर तालुक्यातल्या, तापीपासून फार लांब नसलेल्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या शाळेत शिक्षिका आहेत, यजमान नोकरीनिमित्त पुण्याला. सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेलं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर आता पावसात टिकत नाही, म्हणून ते पाडून त्याच जागेवर खाली-वर असं दोन मजली घर बांधायचं आहे. मुहूर्त आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा धरलाय. ठेकेदार म्हणतो विटा जुन्या झाल्या, पांढरे ब्लॉक घ्या, पुढच्या बाजूला काच लावू, आत पीओपीचं सीलिंग करू, सगळीकडे चकचकीत टाईल टाकू. दीर म्हणतात भट्टीची वीटच बरी. जळगावच्या एका दुकानात स्वयंपाकघराचे नमुने पाहून त्या दोन रात्री झोपल्या नाहीत. जुन्या लाकडाचा व्यापारी येऊन सगळ्या तुळया-खांबांचा एकगठ्ठा भाव सांगून गेला आहे, आणि सासूबाई म्हणतात, "हाई मन्हा सासरानं लाकूड शे, ईकू नका." जमीन काळी आहे, बोअरचं पाणी क्षाराचं आहे, घराचं तोंड पश्चिमेला आहे, पैसा मोजका आहे. ताई विचारतात, काय घ्यावं आणि काय टाळावं?

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाच्या तीन गोष्टी तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्या आहेत: काळी जमीन, क्षाराचं पाणी आणि पश्चिमेचं तोंड. दुकानातला माणूस यातलं काहीच विचारत नाही, कारण त्याच्याकडचा माल पुण्यालाही तोच आणि अमळनेरलाही तोच. तुमच्या घराला मात्र मे महिन्यात ४४-४५ अंशांचं ऊन सोसायचं आहे, पावसाळ्यात फुगणाऱ्या आणि उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या मातीवर उभं राहायचं आहे, आणि रोज तेच पाणी अंगावर घ्यायचं आहे. माल निवडायचा तो या तिघांना कोण टिकेल हे पाहून. म्हणून पैसा आधी जमिनीखाली आणि छतावर घाला. उरेल तो डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंवर.

पायापासून सुरू करते. धाब्याचं घर इतकी वर्षं उभं राहिलं म्हणून ती जमीन चांगली, असं ठेकेदार म्हणत असेल तर ऐकू नका. लाकडी सांगाड्याचं, मातीच्या भिंतींचं घर थोडं हललं तरी सावरून घेतं. काँक्रीटच्या कॉलमला आणि विटांच्या भिंतीला तेवढी लवचिकता नसते, तिथे तडाच जातो. आपल्या काळ्या मातीतली चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि सुकली की आकसते. पारोळ्याच्या, धुळ्याच्या बाजूला बऱ्याच ठिकाणी काही फुटांवर मुरूम किंवा खडक लागतो, तिथे पाया त्यावर टेकवला की काम झालं. तापीच्या काठाकाठानं मात्र नदीनं आणून टाकलेल्या गाळाचे जाड थर आहेत, तिथे मुरूम सहज सापडेल असं धरून चालता येत नाही. म्हणून आखाजीच्या आधीच, घराच्या दोन कोपऱ्यांवर जेसीबीनं दोन खड्डे घेऊन बघा. किती फुटांवर माती बदलते, रंग कुठे पालटतो, ओल कुठे आहे, हे फोटोसह लिहून ठेवा. मुरूम फार खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल नावाची पद्धत आहे. रुरकीच्या सेंट्रल बिल्डिंग रिसर्च इन्स्टिट्यूटनं ती आपल्याकडच्या अशाच जमिनींसाठी विकसित केली. जमिनीत साधारण साडेतीन मीटर खोल भोक घेऊन त्याच्या तळाशी फुगवटा करतात, म्हणजे वरची माती फुगो की आकसो, घर खालच्या स्थिर थरावर टेकलेलं राहतं. हा निर्णय ठेकेदाराचा नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा आहे. त्याची फी देताना हात आखडू नका.

इथे एक गोष्ट कळकळीनं सांगते. घर पाडल्यावर निघणारी माती जोत्याच्या भरावात टाकायची नाही. ठेकेदार तेच करेल, कारण त्याला ती फुकटात मिळते आणि उचलून न्यायचा खर्चही वाचतो. धाब्यावर आपल्याकडे खारी माती टाकतात, कारण ती भिजली की घट्ट बसते आणि पाणी खाली उतरू देत नाही. छतावर तो गुण होता, जोत्यात तोच दोष होईल. त्या मातीतले क्षार ओलीबरोबर भिंतीत चढतील आणि दोन-तीन पावसाळ्यांत खालच्या दोन-तीन फुटांचा रंग, प्लास्टर सुटायला लागेल. एकदा लोणा लागला की वरून कितीही पुट्टी भरा, तो पुन्हा फुटतो. भराव मुरमाचाच घ्या, थराथरानं पाणी मारून धुम्मस करा, आणि काळी मातीही त्यात येऊ देऊ नका. घराभोवती तीन फुटांचा उताराचा फरशीचा पट्टा करा म्हणजे पावसाचं पाणी पायाशी मुरणार नाही. त्या पट्ट्याला लागून झाडं लावायचा मोह टाळा.

आता पाणी. बोअरचं पाणी भांड्यावर पांढरा थर सोडतं, असं तुम्ही लिहिलंय. बांधकामाला ते चालेल की नाही, हे डोळ्यांनी ठरत नाही. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे लोखंड असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं, कारण त्याच्यावर गेलं की आतली सळई गंजण्याचा धोका वाढतो. जळगाव-धुळ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत विचारा, बाटलीभर पाणी देऊन तपासून घ्या. घराच्या एकूण खर्चापुढे तपासणीचा खर्च काहीच नाही. आकडा वाईट आला तर काँक्रीट कालवायला टँकरचं गोडं पाणी घ्या. तेच टाकीत साठवून क्युरिंगलाही, म्हणजे घातलेलं काँक्रीट ओलं ठेवायलाही वापरा.

क्युरिंगचा विषय निघालाच आहे तर सिमेंटचंही सांगते. पीपीसी घ्या. त्यात राख मिसळलेली असते, ते सावकाश घट्ट होतं, कालवताना कमी तापतं, आपल्या उन्हाळ्याला ते बरं. पण सावकाश घट्ट होणाऱ्या सिमेंटला पाणीही जास्त दिवस पाजावं लागतं. राख नसलेल्या नुसत्या ओपीसी सिमेंटला किमान ७ दिवस म्हणतात, पीपीसीला आणि तेही आपल्या कोरड्या गरम हवेत १४ दिवस धरा. मानकात ४० अंशांच्या वरचं काम हे उष्ण हवामानातलं काँक्रीट म्हणून वेगळं धरलं आहे. तुमच्याकडे मेमध्ये रोजच तसं असतं. म्हणून माझं ऐका: आखाजीला नारळ फोडा, पाया आणि जोतं पावसाच्या आत उरका, आणि स्लॅब भर उन्हाळ्यात घालू नका. तो दिवाळीनंतर घाला. टाळता आलंच नाही तर दुपार टळल्यावर सुरू करा आणि काँक्रीट आवळलं की लगेच ओली बारदानं अंथरा. वाऱ्यानं वरचा थर आधी सुकला की केसासारख्या भेगा पडतात, त्या पुढे गळतीच्या वाटा होतात. सिमेंटच्या पिशवीवरची तारीख वाचा. तीन महिन्यांपेक्षा जुनी पिशवी दारातूनच परत करा.

सळईचं थोडक्यात. आयएसआय चिन्ह असलेली, ५००-डी दर्जाची टीएमटी घ्या आणि वजन करून घ्या. १२ मिलिमीटरची १२ मीटर लांब आसारी १० किलो ६६० ग्रॅमच्या आसपास भरायला हवी. काही दुकानांत जाडी तीच सांगतात आणि वजन कमी भरतं, म्हणजे तुमच्या कॉलममध्ये तेवढं लोखंडच कमी जातं. मानकात थोडा फरक चालतो, पण प्रत्येकच आसारी अर्धा-एक किलोनं हलकी निघाली तर ट्रक उतरवून घेऊ नका.

वाळूचं मात्र सगळ्यांनाच अवघड झालंय. बोरी, गिरणा, तापी, पांझरा, कुठलीही असो, नदीची चांगली वाळू कायदेशीर मार्गानं आणि वेळेवर मिळेलच अशी खात्री नाही. नदीच्या नावावर गाळमिश्रित माल येतो. स्वच्छ काचेच्या बरणीत अर्धी वाळू, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून जोरात हलवा, दोन-तीन तास ठेवा. वाळूवर बसलेला गाळाचा थर वाळूच्या साधारण ८ टक्क्यांहून जाड असेल तर ती ट्रॉली परत पाठवा. काँक्रीटला धुतलेली क्रश सँड चालते, वाळू-खडीच्या आयएस ३८३ या मानकात तिला जागा आहे. नदीची वाळू थोडी मिळाली तर ती प्लास्टरसाठी राखा, तिथे ती हाताला चांगली लागते.

आता तुमचा मूळ वाद, वीट की ब्लॉक. ठेकेदार आणि दीर दोघांचंही थोडं खरं आहे.

ज्याला ठेकेदार पांढरा ब्लॉक म्हणतोय तो एएसी ब्लॉक. त्याच्या पोटात हवेच्या बारीक पोकळ्या असतात, म्हणून तो मातीच्या विटेच्या साधारण एक तृतीयांश वजनाचा असतो आणि ऊनही कितीतरी कमी आत सोडतो. पश्चिमेच्या भिंतीला याचा खरोखर उपयोग आहे. पण तो लावायची रीत वेगळी आहे. विटेसारखा भिजवून काढायचा नाही, जाड मसाल्यात बसवायचा नाही, त्याचा वेगळा चिकट मसाला पातळ थरात लावायचा. कॉलमशी जिथे ब्लॉक भेटतो तिथे जाळी ठोकल्याशिवाय प्लास्टर केलं तर उभा तडा हमखास. आणि जड मांडणी, गीझर, पाण्याची टाकी टांगायची तर त्याला वेगळे खिळे-फास्टनर लागतात. तुमच्या गवंड्यानं ब्लॉकचं एखादं घर केलं असेल, तर ते घर जाऊन पाहा. दोन उन्हाळे काढलेलं असेल असंच पाहा. भिंती धड असतील तर बाहेरच्या भिंती ब्लॉकच्या करा, संडास-बाथरूमच्या आणि जोत्यातल्या विटेच्या. गवंड्यानं ब्लॉक हातातच घेतला नसेल तर तो तुमच्या घरावर शिकायला नको. सगळं विटेचं करा, बाहेरच्या भिंती नऊ इंची ठेवा.

वीट घ्यायची तर भट्ट्या सुरू आहेत तोवर, म्हणजे पावसाआधी घ्या. पाऊस लागला की भट्टी थांबते आणि भाव चढतो. ट्रकभर घेण्याआधी पाच-सहा विटा घरी आणा. सुकी वीट वजन करा, चोवीस तास पाण्यात ठेवा, पुन्हा वजन करा. तीन किलोची वीट तीन किलो सहाशेच्या वर गेली तर ती पाणी पिणारी आहे, नको. दुसरी वीट ताटलीत इंचभर पावसाच्या किंवा फिल्टरच्या पाण्यात उभी करा आणि पाणी आटू द्या, मग पुन्हा एकदा तसंच. पांढरे डाग आले तर मातीत क्षार आहेत. आपल्याकडच्या काही भट्ट्यांच्या विटांना हा डाग बराच येतो, म्हणून गावोगावच्या भट्ट्यांचा भाव पाहण्याआधी ही ताटली मांडा. भुसावळजवळ दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र असल्यामुळे राखेच्या विटाही तुम्हाला मिळतील. त्या एकसारख्या आकाराच्या असतात, प्लास्टर कमी लागतं. पण सगळ्या सारख्या नसतात. नीट न पिकवलेली राखेची वीट कोपऱ्यातून बोटानं झडते. वरच्या दोन्ही चाचण्या तिलाही लावा.

आता छताकडे या, कारण घर तापतं ते मुख्यतः तिथून. आपण साधारण २१ अंश अक्षांशावर आहोत. मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीला फारसं ऊन लागत नाही. भाजतात ते छत आणि संध्याकाळची पश्चिमेची भिंत. ब्लॉकसाठी जादा पैसे मोजून स्लॅब उघडा ठेवणं म्हणजे उलटा खर्च. तुमचं धाबं आत गार राहत होतं ते त्या जाड मातीमुळे, हे तुमच्या सासूबाई कोणाहीपेक्षा चांगलं सांगतील. सिमेंटच्या पाच इंची स्लॅबला तसं पांघरूण द्यावं लागतं. वॉटरप्रूफिंगवर ५० मिलिमीटरची एक्सपीएस, म्हणजे घट्ट फोमची उष्णतारोधक शीट, तिच्यावर विटेच्या तुकड्यांचा कोबा, आणि सगळ्यात वर पांढऱ्या चिनी मातीचे तुकडे किंवा पांढरी ऊनरोधक टाईल. पैसे फारच कमी पडले तर शीट सोडा, पण पांढरा वरचा थर सोडू नका. उतार १०० फुटांना एक फुटापेक्षा कमी नको. तापीकाठची धूळ त्यावर बसेल आणि पांढरेपणा जाईल, म्हणून गच्चीवर नळ ठेवा आणि उन्हाळा लागण्याआधी एकदा धुऊन घ्या.

पीओपीचं सीलिंग उष्णतेवरचा उपाय म्हणून कोणी सांगत असेल तर नाही म्हणा. तापलेला स्लॅब तापलेलाच राहतो, फक्त तुम्हाला तो दिसत नाही. खोलीची उंची कमी होते, पंखा डोक्याशी येतो. त्याऐवजी खोल्या साडेदहा फूट उंच ठेवा. पश्चिमेला काचेचा दर्शनी भाग तर अजिबात नको. संध्याकाळी चार ते सहा तुमचा पुढचा दिवाणखाना बसण्यालायक राहणार नाही. तिथे रुंद ओसरी करा, आठ फुटांची तरी. वरच्या मजल्याच्या पश्चिमेला विटेची जाळी आणि अडीच फुटांचे छज्जे ठेवा. दर्शनी भाग याच गोष्टींनी देखणा होतो, आणि ओसरीवर संध्याकाळी खाटा टाकता येतात.

फरशीबद्दल फार काळजी करू नका. आत मॅट फिनिशची व्हिट्रिफाइड टाईल घ्या, ती पाणी अर्ध्या टक्क्याहून कमी पिते. काळी किंवा गडद चकचकीत टाईल मात्र तुमच्या पाण्याला नको. प्रत्येक पुसण्याबरोबर पांढरे ओघळ दिसतील. बाथरूममध्ये खरखरीत टाईलच, सासूबाईंच्या पायाला घसरण नको. ओसरीला आणि मागच्या अंगणाला कोटा फरशी चांगली, तुटली तरी एक तुकडा बदलता येतो. पाइप जळगावलाच तयार होतात, त्यांचा तुटवडा तुम्हाला पडणार नाही. एवढंच बघा की ते उघड्या उन्हात भिंतीवरून फिरणार नाहीत, ऊन लागून पाइप ठिसूळ होतो. गच्चीवरच्या टाकीवरही पत्र्याचं छोटं छप्पर घाला, नाहीतर मेमध्ये नळाला गरम पाणी येईल.

स्वयंपाकघराच्या नमुन्यांनी झोप उडवू नका. दुकानात उभं केलं ते बऱ्याचदा पार्टिकल बोर्ड असतं, वरून सुंदर सनमायका. सिंकखाली एकदा गळती झाली की ते भाकरीसारखं फुगतं. तुमच्याकडे वाळवीही आहे. म्हणून ओट्याखालचे उभे-आडवे भाग कडप्प्याचे करा आणि त्यात स्टीलच्या ट्रॉल्या बसवा. फक्त दारं लाकडाची. त्यांना प्लाय घ्यायचा तो आयएस ७१० चा, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय. दुकानदार ३०३ क्रमांकाचा प्लायही वॉटरप्रूफ म्हणून देतो. त्याच ३०३ मध्ये साधा एमआर दर्जाही येतो, जो ओलीला टिकत नाही. फळीच्या कडेवरचा छापील शिक्का स्वतः वाचा. जमिनीवर वाळवीरोधक औषध मारायचं ते पाया भरतानाच, आयएस ६३१३ प्रमाणे. घर पुरं झाल्यावर मारायचं म्हटलं तर फरशीला भोकं पाडावी लागतात. बाथरूमच्या चौकटी डब्ल्यूपीसीच्या (लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक मिळून केलेल्या) किंवा ग्रॅनाइटच्या करा.

आणि आता तुमच्या सासूबाईंचं लाकूड. ताई, या बाबतीत त्यांचंच खरं. धाब्याच्या घरात सहसा जुना साग असतो. इतक्या वर्षांत तो पुरता सुकलेला आहे, आता तो वाकणार नाही, पिळणार नाही. बाजारात आज साग म्हणून जे मिळतं त्यात बाहेरदेशातून आलेला, लागवडीचा, कोवळा साग बराच असतो. त्यात पांढरा कच्चा भाग खूप, आणि वाळवी नेमकी तोच खाते. व्यापारी एकगठ्ठा भाव सांगतो कारण मोजल्यावर त्याला परवडणार नाही. तुमच्या सुताराला एक दिवस बोलवा. प्रत्येक तुळई, खांब, कडी मोजून घनफुटांत लिहा. दाभण खुपसून पोकळ कुठे आहे ते बघा. भिंतीत गेलेली टोकं बहुतेक कुजलेली असतील, ती कापून टाका. चिरायला नेण्याआधी लोहचुंबक फिरवून सगळे खिळे काढून घ्या, नाहीतर गिरणीचं पातं तुटतं आणि गिरणीवाला परत हात लावत नाही. गावाबाहेर न्यायचं असेल तर वाहतुकीच्या परवानगीचं वनखात्याच्या कार्यालयात आधी विचारा. मुख्य दार, उंबरा, बाहेरच्या खिडक्यांच्या चौकटी आणि देवघर एवढं यातून व्हावं. ओसरीला दोन जुने खांब तसेच उभे करता आले तर करा, पण त्यांना जमिनीपासून वर दगडाच्या बैठकीवर ठेवा. उरलेलं, तेही मोजून, मग विका.

व्यापाऱ्याकडून विसार घेतला असेल तर आजच परत करा. आणि खड्डे खोदून झाले, दोन्ही कोपऱ्यांची मापं हातात आली की मला लिहा. पाणी तपासलेला कागदही सोबत जोडा. तुमच्या इंजिनिअरला पायाबद्दल नेमकं काय विचारायचं ते तेव्हा मापं समोर ठेवून सांगता येईल.